फवारणीचं विष कातडीतून कसं शिरतं आणि ते कसं रोखायचं

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक दवाखान्यात भरती होऊ लागले. वीसहून अधिक जण दगावले, शेकडो जणांवर उपचार करावे लागले, काहींना काही दिवस डोळ्यांनी दिसेनासं झालं. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, संरक्षक किट वाटली, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. तरीही ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत फवारणीच्या विषबाधेचे रुग्ण येणं थांबलेलं नाही.

या लोकांनी विष प्यायलेलं नव्हतं. मग ते अंगात गेलं कसं? कुणालाही विचारा, उत्तर येतं, ‘श्वासातून.’ हे उत्तर अर्धवट आहे आणि त्याच्यामुळेच बचावाचे उपाय चुकतात. पाठीवरचा पंप घेऊन उघड्या शेतात फवारणाऱ्याच्या अंगावर जेवढं कीटकनाशक येतं, त्यातलं बहुतांश कातडीवर पडतं. नाकावाटे जाणारा वाटा सहसा बराच कमी असतो. धान्याच्या गोदामातल्या धुरीच्या गोळ्या किंवा बंद पॉलीहाऊसमधली फवारणी हे अपवाद. तिथे श्वासाचा धोका खरोखरच मोठा. कपाशीच्या, तुरीच्या, सोयाबीनच्या रानात मात्र आधी कातडी सांभाळायची.

अंगावर कुठे सांडलं, यावर बरंच ठरतं

शरीरभर कातडी सारखी नसते. पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक माणसांच्या कातडीवर अगदी थोड्या प्रमाणात लावून अमेरिकेत पूर्वी मोजमाप झालं होतं. मनगट ते कोपर या भागावर लावलेल्यापैकी सुमारे ९ टक्के शरीरात शिरलं. तळहातातून सुमारे १२ टक्के, पोटावरून १८ टक्क्यांच्या आसपास, डोक्याच्या कातडीतून ३२, कपाळावरून ३६, काखेतून ६४. अंडकोशाच्या कातडीतून जवळपास सगळंच आत गेलं. म्हणजे तेच औषध, तेवढंच औषध, पण हातावर पडलं तर एक आणि जांघेत मुरलं तर बारा पट.

आता गळका पंप डोळ्यांसमोर आणा. झाकणाचं वॉशर झिजलेलं आहे. चालताना पंप हिंदकळतो, द्रावण झाकणातून निघतं, पाठीवरून ओघळतं, कमरेशी पॅन्टच्या नाड्यात जिरतं आणि आतल्या कपड्यांत उतरतं. फवारणारा म्हणतो, ‘घाम आहे.’ ओली पॅन्ट संध्याकाळपर्यंत अंगावर राहते. समोरून ओली कपाशी मांड्यांना घासत असते ती वेगळीच. शरीराचा सगळ्यात जास्त शोषणारा भाग सगळ्यात जास्त वेळ भिजलेला राहतो, आणि रुमाल मात्र नाकाला बांधलेला असतो.

२०१७ मध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. बऱ्याच शेतांत कपाशी दाट होती आणि डोक्याच्या वर गेली होती. उंच झाडावर मारायचं म्हणजे नळी वर धरावी लागते. मग तुषार तोंडावर आणि मानेवर उतरतात, आणि नळीच्या जोडातून गळणारा थेंब हातावरून सरळ काखेत जातो.

द्रावणाचा प्रकारही महत्त्वाचा. ईसी लिहिलेल्या औषधात कीटकनाशक तेलकट द्रावकात विरघळवलेलं असतं. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं ते. तोच द्रावक त्याला कातडीतून आत जायला मदत करतो. ऊन, घाम आणि खरचटलेली कातडी यांनी हे शोषण आणखी वाढतं. म्हणून भर दुपारची फवारणी टाळायची.

सगळ्यात धोक्याचा वेळ झाकण उघडल्यावरचा

समजा, १० लिटर पाण्याला २० मिली औषध असं प्रमाण आहे. म्हणजे बाटलीतलं औषध पंपातल्या द्रावणापेक्षा ५०० पट तीव्र. हातावर बाटलीतलं एक मिली सांडलं, तर ते पंपातलं अर्धा लिटर द्रावण हातावर ओतण्याइतकं झालं. फवारणीला दिवस जातो, औषध मिसळायला पाच मिनिटं. पण निष्काळजीपणा झाला तर त्या पाच मिनिटांत दिवसभरापेक्षा जास्त विष अंगात जाऊ शकतं. गावोगावी याच पाच मिनिटांत हात उघडे असतात. किट असलंच तर ते पंप पाठीवर घेताना चढवलं जातं.

मिसळण्याची पद्धत अशी ठेवा. जागा उघडी, वारा पाठीमागून किंवा बाजूने. विहीर, हौद, बोअर यांपासून लांब. जवळ एक बादली स्वच्छ पाणी आणि साबण, तोही आधीच काढून ठेवलेला. हातात नायट्राइल रबराचे लांब मोजे, डोळ्यांना चष्मा. कापडी मोजे नकोतच. ते औषध शोषतात आणि कातडीला चिकटवून ठेवतात, म्हणजे मोजे नसण्यापेक्षा वाईट. सील दाताने तोडू नका. बाटली डोळ्यांच्या पातळीवर धरून ओतू नका, कमरेच्या खाली माप ठेवून ओता. माप वेगळं हवं, घरातला चमचा किंवा पेला नाही. बाटलीच्या झाकणाने अंदाजे माप घेण्याची सवय सोडा. तेच ओलं झाकण पुन्हा बोटांनी फिरवायचं असतं.

पंपात आधी अर्धं पाणी. छोट्या बादलीत थोड्या पाण्यात औषध कालवून घ्या, काठीने ढवळा, गाळणीतून पंपात ओता, मग उरलेलं पाणी. हात घालून ढवळण्याचं दृश्य अजूनही सर्रास दिसतं, आणि नंतर कितीही हात धुतले तरी नखांच्या खाचेतलं औषध निघत नाही. पंप काठोकाठ भरू नका. दोन-तीन बोटं जागा सोडली की हिंदकळून बाहेर येणं थांबतं. झाकण लावल्यावर पंप बाहेरून ओल्या फडक्याने पुसून मगच पाठीवर घ्या.

नसांत नेमकं काय बिघडतं

बाजारातली बरीच जुनी कीटकनाशकं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली आहेत: प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, अॅसिफेट, मोनोक्रोटोफॉस. (यातल्या मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएलची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या प्रकाराची, नोंदणी संपवण्याचा आदेश केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढला.) ही किडीच्या ज्या यंत्रणेवर घाव घालतात, ती आपल्याही शरीरात आहे.

नस स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप देते तेव्हा एक रसायन सोडते. काम झालं की कोलिनएस्टरेज नावाचं एंझाइम ते रसायन लगेच पुसून टाकतं, म्हणून निरोप थांबतो. ऑर्गॅनोफॉस्फेट या एंझाइमला जखडून टाकतं. दारावरच्या बेलचं बटण दाबलेलंच अडकून बसावं आणि बेल वाजतच राहावी, तशी गत होते. लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, डोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, पोटात पिळवटणं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात, म्हणून अंधुक दिसतं. स्नायू फडफडतात, मग थकून ढिले पडतात. छातीत स्राव साठतो आणि श्वासाचे स्नायू दमतात. मृत्यू बहुतेक वेळा श्वास बंद पडून होतो.

सुरुवात मात्र साधी असते: डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, अशक्तपणा. दिवसभर उन्हात राबलेल्या माणसाला हे ‘ऊन लागलं’ असंच वाटतं आणि तो झाडाखाली पडून राहतो. तिथेच मोलाचे तास जातात. आरशात किंवा दुसऱ्या माणसाकडून बाहुल्या बघून घ्या. बाहुल्या बारीक, तोंडाला पाणी सुटलेलं, छातीत घरघर, असं काही दिसलं तर तो उन्हाचा त्रास नव्हे. बाहुल्या नेहमीसारख्या दिसल्या म्हणून निर्धास्त राहू नका. कीटकनाशकांचे इतर गट वेगळी लक्षणं देतात. सायपरमेथ्रिनसारख्या औषधांनी चेहऱ्याला चरचर आणि मुंग्या येतात. फिप्रोनिलने झटके येऊ शकतात.

‘वर्षानुवर्षं फवारतोय, काही झालं नाही’

हा आक्षेप खोटा नाही, पण त्यात एक मोठी फट आहे. जखडलेलं एंझाइम परत यायला वेळ लागतो. रक्तातल्या लाल पेशींतलं हे एंझाइम दिवसाला साधारण एक टक्का या वेगाने भरून निघतं. स्वतःच्या चार एकरांवर पंधरा दिवसांनी एकदा फवारणाऱ्याला मधल्या काळात सावरायला वाव मिळतो. मजुरीने फवारणारा आज या शेतात, उद्या त्या शेतात, परवा तिसऱ्याच. त्याचं एंझाइम रोज थोडं घटतं, भरून निघत नाही, आणि पातळी खूप खाली येईपर्यंत त्याला काहीच जाणवत नाही. मग एखाद्या दिवशी नेहमीइतकंच औषध अंगावर येतं आणि माणूस कोसळतो. बघणारे म्हणतात, ‘काल तर चांगला होता.’

त्यातून मजुरी पंपावर ठरलेली असेल, तर जितके पंप जास्त तितके पैसे जास्त, आणि थांबून हात धुणारा माणूस नुकसानीत. हा हिशेब बदलायचा तर मालकाने मजुरी दिवसावर द्यावी आणि एकाच माणसाला सलग दिवस फवारणीला लावू नये. कोलिनएस्टरेजची पातळी रक्त तपासून कळते. रोज फवारणारा असेल, त्याने हंगामाआधी एकदा आणि मध्ये एकदा ही तपासणी करून घ्यावी; पहिला आकडा हाताशी असला की घट किती झाली ते डॉक्टरांना सांगता येतं.

दीर्घकालीन परिणामांचा मुद्दा वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये मॅलाथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांना ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. पॅराक्वाट या तणनाशकासारख्या काही औषधांचा पार्किन्सन्सशी (कंपवाताशी) संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. ‘काही झालं नाही’ हे वाक्य वीस-तीस वर्षांनी होणाऱ्या आजाराबद्दल आज म्हणताच येत नाही.

पंप, नोझल आणि पॉवर पंपाचं गणित

हंगामाआधी पंपात नुसतं पाणी भरून दाब द्या आणि पाच मिनिटं बघत राहा. झाकणाचं वॉशर, नळीचे जोड, ट्रिगर, टाकीचा तळ. वॉशरची किंमत चहाच्या कपापेक्षा फार नाही, आणि माझ्या मते विषबाधा टाळणारी सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आहे. गळणाऱ्या जोडाला चिंधी गुंडाळू नका. ती भिजते आणि हाताला पुसली जाते.

नोझल तुंबलं की तोंडाने फुंकणं हा थेट विष तोंडात घेण्याचा प्रकार. जुना टूथब्रश आणि पाणी जवळ ठेवा, एक-दोन जादा नोझल खिशात ठेवा. तार घालून भोक मोकळं केलं तर ते मोठं होतं, थेंब मोठे पडतात, औषध जास्त जातं. तणनाशकाचा पंप शक्यतो वेगळाच हवा.

आता पेट्रोलवर चालणारा पॉवर पंप. हाताच्या पंपाने एकराला साधारण २०० लिटर पाणी लागतं. पॉवर पंप वाऱ्याच्या जोरावर बारीक तुषार उडवतो, त्याला पाणी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पुरतं. एकरी औषध तेवढंच द्यायचं म्हणून पाण्यात त्याचं प्रमाण तिप्पट करावं लागतं. शिफारशीत ‘पॉवर पंपासाठी तिप्पट’ लिहिलेलं असतं ते यासाठी. पण फवारणाऱ्याच्या बाजूने बघा: अंगावर येणारा प्रत्येक थेंब तिप्पट तीव्र, आणि थेंब इतके बारीक की हवेत तरंगत राहतात. अशा पंपासाठी खबरदारीही वाढवावी लागते. उलटी चूकही होते. हाताच्या पंपाला कुणी पॉवर पंपाचं प्रमाण वापरतं आणि एकरात तिप्पट औषध जातं. लेबलवर एकरी किंवा हेक्टरी मात्रा असते, ती बघून आपल्या पंपाचा हिशेब कागदावर मांडा.

वारा तोंडावर येत असेल तर फवारू नका. वारा बाजूने घ्या आणि ज्या कडेला वारा वाहतो त्या कडेपासून सुरुवात करा, म्हणजे पुढची प्रत्येक ओळ कोरडी मिळेल. भिजलेल्या झाडांतून परत चालावं लागणार नाही. पीक खांद्याच्या वर गेलं असेल तर त्यात शिरून फवारण्याऐवजी ओळींत मोकळी वाट ठेवणं किंवा वेळेवर शेंडे खुडून उंची आटोक्यात आणणं हा खरा उपाय. ते जमलं नसेल, तर त्या दाटीत माणूस पाठवण्याआधी फवारणीची गरज आहे का, हे पुन्हा तपासा. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर फवारणीची वेळ आली असं समजतात. तुडतुडे दर पानाला दोन-तीन, फुलकिडे दहा, पांढरी माशी आठ-दहा. याच्या खाली असताना केलेली फवारणी पैसेही घालवते आणि माणसालाही विनाकारण विषात उतरवते.

‘तोंडाला रुमाल बांधतो की’

कापडी रुमाल मोठे थेंब थोडे अडवतो, नंतर तो स्वतःच भिजतो. भिजलेला रुमाल म्हणजे तोंडावर आणि नाकावर तासन् तास दाबून ठेवलेलं औषध. तोंडाजवळची कातडी पातळ, ओठ ओले. एन ९५ मास्क तुषार अडवतो, पण ईसी औषधाच्या वाफा अडवत नाही. त्यासाठी कार्बनचं डबडं असलेला मुखवटा लागतो. एन ९५ वापरत असाल तर ओला झाला की बदला.

तंबाखू आणि खर्रा यांच्याकडे डोळेझाक होते. तळहातावर अंगठ्याने घोटायचं आणि तोंडात टाकायचं, म्हणजे हाताला लागलेलं औषध थेट तोंडाच्या ओल्या कातडीला दिलं. बिडीचंही तेच. फवारणी संपून साबणाने हात, तोंड धुईपर्यंत खाणं-पिणं, खर्रा, बिडी काहीच नको. मजुराला हे सांगताना पाण्याची आणि साबणाची सोय धुऱ्यावर करून ठेवा, नाहीतर सांगण्याला अर्थ उरत नाही.

‘किट घालून उकाड्यात काम होत नाही’

सप्टेंबरच्या उकाड्यात अंगभर प्लास्टिकचं किट घालून चार तास चालणं खरंच अशक्य आहे. उष्माघात होईल. त्यामुळे लोक किट घरी खुंटीला टांगून ठेवतात आणि उघड्या अंगाने फवारतात. दोन टोकांच्या मध्ये वाट आहे.

मिसळताना पूर्ण संरक्षण घ्या: मोजे, चष्मा, समोर प्लास्टिकचा एप्रन. ही पाच-दहा मिनिटं उकाडा सोसता येतो. फवारताना जाड सुती, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पॅन्ट. पाठीवर पंपाखाली प्लास्टिकचा तुकडा, खांद्यापासून ढुंगणापर्यंत पोहोचेल एवढा. खताची रिकामी धुतलेली गोणी कापून बांधली तरी चालते, कीटकनाशकाची पिशवी मात्र नाही. पुढून मांड्यांवर तसाच एक तुकडा लुंगीसारखा, कारण ओलं पीक तिथेच घासतं. पायात रबरी बूट आणि पॅन्ट बुटाच्या बाहेरून, आत खोचलेली नाही; खोचली तर ओघळ बुटात उतरतो. नळी वर धरून फवारत असाल तर मोज्याचं टोक दुमडून बाहीच्या वर घ्या, म्हणजे हातावरून ओघळणारा थेंब दुमडीत अडकेल. डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा. यातलं काहीच भिजलेलं अंगावर ठेवायचं नाही. पंप सांडला, पाठ ओली झाली, की काम थांबवून कपडे बदला. सकाळी दोन-अडीच तास आणि संध्याकाळी दोन तास, मध्ये विश्रांती. मजुरांना संरक्षक कपडे देण्याची तरतूद कीटकनाशक नियम १९७१ मध्ये आहे.

त्रिकोणाचा रंग

बाटलीवरचा त्रिकोण एका मोजमापातून येतो: प्राण्यांच्या गटातले निम्मे मरायला वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम लागले. पोटात गेल्यास १ ते ५० मिलिग्रॅम लागत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याहून जास्त हिरवा. लालवर कवटी आणि हाडांचं चिन्ह असतं.

हा रंग फक्त तात्काळ मारक शक्ती सांगतो. डोळ्याला काय होईल, वर्षांनंतर काय होईल, दोन औषधं एकत्र केल्यावर काय होईल, हे त्यात नाही. हिरवा त्रिकोण म्हणजे कमी विषारी, निर्धोक नव्हे.

एकत्र करण्याबद्दल. दुकानदार सांगतो म्हणून अळीचं एक, रसशोषक किडीचं एक, बुरशीचं एक, वर टॉनिक आणि विद्राव्य खत असं सगळं एकाच पंपात जातं. कधी द्रावण फुटून नोझल तुंबतं, कधी पीक जळतं. पण सगळ्यात वाईट गोष्ट दवाखान्यात घडते: रुग्ण बेशुद्ध, सोबतचा म्हणतो ‘चार-पाच औषधं होती’, आणि कशाचा उपचार करायचा ते डॉक्टरांना कळत नाही. लेबलवर मिश्रणाची शिफारस नसेल तर मिसळू नका. खरेदीचं पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच क्रमांक हवा.

‘मग घरचंच बनवून मारतो’ म्हणणाऱ्यांसाठी एक सूचना. निंबोळी अर्काला हरकत नाही. तंबाखूच्या काढ्याला आहे. निकोटीन हे जोरदार विष आहे आणि तेही कातडीतून शिरतं. तंबाखूचा काढा हाताळताना मोजे घालावेच लागतात.

घर, कपडे, रिकामे डबे

फवारणीचे कपडे घरातल्या कपड्यांत मिसळू नका. धुणारीने रबरी मोजे घालावेत, आधी नुसत्या पाण्यात भिजवून पाणी ओतून द्यावं, मग साबणाने दोनदा धुवावेत आणि उन्हात वाळवावेत. हे काम घरातल्या बाईकडे येतं, आणि फवारणीला न गेलेल्या त्या बाईच्या हातांबद्दल कुणी बोलत नाही. निंदणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बायकांचंही तसंच. फवारलेल्या शेतात निदान एक-दोन दिवस, आणि लेबलवर जास्त लिहिलं असेल तर तितके दिवस, कुणालाही कामाला पाठवू नये.

रिकामा डबा तीनदा विसळा: पाव भाग पाणी, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी पंपातच ओता. मग डब्याला भोकं पाडून चेपून टाका. धुऊन तेल-पाण्याला वापरायचा विचार कधीच नको. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतला माध्यान्ह आहार खाऊन २३ मुलं मेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं.

कीटकनाशक घराबाहेर, कुलपात, मूळ बाटलीतच ठेवा. दारूच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत तर नाहीच. कुलूप मुलांसाठी आहे तसंच मोठ्यांसाठीही. शेतीच्या घरात विष हाताशी असणं आणि रागाच्या, निराशेच्या एका क्षणात जीव जाणं यांचा थेट संबंध आहे. हंगामाला लागेल तेवढंच विकत घ्या. घरात कुणी खचलेलं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

त्रास सुरू झाला तर

फवारणी थांबवा, माणसाला वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या. सगळे कपडे काढा, चप्पल-बूट आणि कमरेची करदोड्याची दोरीसुद्धा. भरपूर पाणी आणि साबण लावून डोकं, कान, काखा, जांघा, नखं धुवा, पंधरा-वीस मिनिटं. धुणाऱ्याने हाताला मोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार.

पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी नको, दूध, तूप, ताक, लिंबू नको. ईसी औषध उलटीबरोबर फुप्फुसात गेलं तर नवीनच संकट उभं राहतं. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा, आणि जाताना बाटली किंवा तिच्यासोबतचं माहितीपत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत घ्या. नवी दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर डॉक्टरांना आणि नातेवाइकांना सल्ला देतं.

बाटली का लागते? ऑर्गॅनोफॉस्फेटवर अॅट्रोपिन नावाचं उतारा-औषध आहे. छाती कोरडी होऊन श्वास मोकळा होईपर्यंत त्याची मात्रा दर काही मिनिटांनी दुप्पट करत नेतात. पण डायफेन्थ्युरॉन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड यांवर असा खास उतारा नाही. तिथे लक्षणांप्रमाणे उपचार आणि श्वासाचा आधार हेच हाती असतं. गरज नसताना दिलेलं जास्त अॅट्रोपिन ताप आणि भ्रम आणतं.

बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी मागून घरी नेऊ नका. पहिली लक्षणं ओसरल्यावर एक ते चार दिवसांत मान उचलता न येणं, खांद्या-मांड्यांत बळ न राहणं आणि मग श्वास अडकणं असा दुसरा टप्पा येऊ शकतो. काहींना दोन-तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या आणि अशक्तपणा येतो. घरी परतल्यावर निदान काही आठवडे कीटकनाशकाला हात लावायचा नाही.

केसपेपर, रक्ताचे अहवाल, औषध खरेदीचं बिल जपून ठेवा. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेल्या विषबाधेचा समावेश आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. पण ही योजना सातबारा असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. दुसऱ्याच्या शेतात पंप पाठीवर घेऊन जाणारा भूमिहीन मजूर तिच्यात बसत नाही, आणि सगळ्यात जास्त दिवस विषात उभा राहणारा तोच असतो. ग्रामसभेत, कृषी विभागाच्या बैठकीत, आमदारांसमोर मागणी करायची असेल तर ती हीच करावी: फवारणाऱ्या मजुराची नोंद, हंगामात त्याची मोफत रक्त तपासणी आणि योजनेत त्याचं नाव.